शेवटच्या कडव्यातलं नाव

१९३६ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला आणि विष्णुपंत पागनीसांच्या आवाजातलं ‘आधी बीज एकले’ हे गाणं घराघरांत पोहोचलं. ते इतकं तुकोबांचं वाटलं, की भाविकांनीच नव्हे, जाणत्यांनीही ते गाथेत शोधलं. गाथेत ते नाही. शांताराम आठवले यांनी ते खास चित्रपटासाठी लिहिलं होतं. त्याच्या शेवटी ‘तुका म्हणे’ नाही, आठवल्यांचं नाव असण्याचा तर प्रश्नच नव्हता. ज्या गाण्यात कर्त्याचं नाव नसतं ते जवळच्या सर्वांत मोठ्या नावाकडे जातं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरं सापडणं कठीण.

गाणं लिहिणारा, त्याला चाल लावणारा आणि ते चारचौघांत उभं राहून गाणारा माणूस एकच, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणाऱ्या तरुणांना आज आपण ‘इंडिपेंडंट’ म्हणतो. पण कुणाच्या पदरी नसलेला, गावोगाव फिरून स्वतःचं गाणं स्वतः पोहोचवणारा कवी इथे सातशे वर्षं आहे. त्याच्याकडे छापखाना नव्हता, करारपत्र नव्हतं, कोर्टात जायची ऐपत नव्हती. होती ती एक रीत: गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. तिला नाममुद्रा म्हणतात. अभंगात ती आली, लावणीत आणि पोवाड्यात टिकली, आणि विसाव्या शतकात सिन्नरजवळच्या एका खेड्यातून मुंबईच्या चाळीत आलेल्या वामन कर्डक नावाच्या कामगारानं ती हजारो गाण्यांत वापरली.

मुद्रेची कारागिरी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. अभंगात अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरं. ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘जनी म्हणे’ हीसुद्धा चारच. म्हणजे एक नाव काढून दुसरं बसवलं तरी चाल अडखळत नाही, टाळ चुकत नाही, ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. संतांच्या गाथांमध्ये एकाचे अभंग दुसऱ्याच्या नावावर सापडतात त्यामागे भक्तांचा भाबडेपणा जितका आहे, तितकीच ही अक्षरांची सोयही आहे. एकनाथांची मुद्रा मात्र ‘एका जनार्दनी’. ती मोजून सहा अक्षरांची आहे, पूर्ण चरणच व्यापते. शिवाय त्यात शिष्य आणि गुरू जनार्दनस्वामी अशी दोन नावं एकमेकांत अडकलेली. ती उपटून तिथे दुसरं काही लावणं सोपं नाही.

चोरी होत होती, हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. आपले अभंग स्वतःचे म्हणून गाणाऱ्या ‘सालोमालो’ला उद्देशून त्यांनी लिहिलेले अभंग गाथेत आहेत. प्रभातच्या चित्रपटानं या सालोमालोला खलनायक केलं, म्हणून तो आज लोकांना माहीत आहे. पण मूळ अभंगांतली वेदना चित्रपटापेक्षा खरी आहे. सर्व काही विठ्ठलाचं, आपलं काहीच नाही, असं सांगणाऱ्या कवीलासुद्धा आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी दुसऱ्याच्या नावानं ऐकताना लागलं. मला हा तुकोबांच्या माणूसपणाचा फार मोलाचा पुरावा वाटतो.

उलटंही घडे. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीची रचना आणि त्याच्या कितीतरी आधीच्या संत नामदेवांची रचना मुद्रांच्या सारखेपणामुळे एकमेकींत मिसळली. ती वेगळी करताना संशोधकांना पुष्कळ श्रम पडले. इथे कुणी कुणाचं चोरलं नव्हतं. नाव एकच होतं, आणि गाणारी तोंडं शेकडो होती.

पोवाड्यांच्या जगात मुद्रेवरचा भार आणखी वाढतो, कारण तिथे कवीभोवती संप्रदाय नाही, गादी नाही, समाधी नाही. अफझलखानाच्या वधावरचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांपैकी सर्वांत जुन्यांत गणला जातो. त्याच्या कर्त्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं त्या पोवाड्यातूनच आलेलं. त्याचं नाव अगीनदास की अज्ञानदास, यावरही एकमत नाही. अडीचशे वर्षं तोंडोतोंडी गायला गेलेला शब्द घासून गेला आणि दोन्ही वाचनं शक्य राहिली. तरी तो निदान नावानिशी उरला. त्याच्या बरोबरीनं डफावर थाप मारणारे कितीजण तेवढ्यालाही मुकले असतील.

हे पोवाडे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कागदावर आले १८९१ मध्ये. हॅरी अर्बथनॉट ॲकवर्थ हा इंग्रज सनदी अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मिळून ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह छापला. ॲकवर्थ मुंबई महापालिकेचा आयुक्त होता. वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय आजही त्याच्या नावानं ओळखलं जातं. गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडून ऐकून रचना उतरवायच्या, तर कर्ता ओळखायची पहिली खूण म्हणजे शेवटचं कडवं. ज्या गायकाच्या स्मरणातून ते निसटलं, त्याच्याबरोबर कवीही निसटला.

उत्तर पेशवाईत शाहिरी हा धंदा म्हणून चांगला बसला होता. फड होते, बिदागी होती, आश्रयदाते होते. संगमनेरचा अनंत फंदी, सोलापूरचा राम जोशी, जेजुरीचा सगनभाऊ, पुण्याचा होनाजी. हे लोक वेगवेगळ्या जातींतून आणि कामांतून आले होते. सगनभाऊ मुसलमान, शिकलगार. होनाजी गवळी. राम जोशी ब्राह्मण. तमाशाच्या नादापायी घरातून बाहेर पडावं लागलेला, पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकलेला, आणि ते संस्कृत पुन्हा लावणीतच ओतणारा. त्याची मुद्रा ‘कविराय’. नाव न सांगता पदवी सांगायची, आणि ऐकणाऱ्यानं ओळखायचं. एवढा विश्वास त्याला आपल्या शैलीबद्दल होता.

होनाजीची गोष्ट तर गीतकार आणि गायक यांच्या नात्यावरचं भाष्यच आहे. होनाजी रचना करी आणि त्याचा मित्र बाळा करंजकर ती गाई. मुद्रा पडे ‘होनाजी बाळा’. दोघांचं श्रेय एका मुद्रेत समान वाटून घेतलेलं. आज कितीतरी लोकांना होनाजी बाळा हा एकच माणूस वाटतो. १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ने होनाजीची कथा सर्वत्र नेली, तरी हा समज पूर्ण गेलेला नाही. पण मला या गैरसमजात एक प्रकारची पावती दिसते. लिहिणाऱ्याला गाणाऱ्यापासून तोडता येऊ नये, हीच तर त्या दोघांची इच्छा असणार.

याच काळात नाशिक भागात परशराम नावाचा शाहीर होता. सिन्नर तालुक्यातलं वावी हे त्याचं गाव, शिंपीकाम हा धंदा. सुईदोऱ्याचं काम करून लावण्या-पोवाडे रचणाऱ्या या माणसाचं नाव आज अभ्यासकांपलीकडे फारसं घेतलं जात नाही. ते इथे मुद्दाम घेतलं, कारण याच सिन्नर तालुक्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि दरबारी आश्रयाचा मुख्य झरा आटला. त्यानंतर शाहिराला प्रेक्षकच पोसू लागला: जत्रेतला, बाजारातला, आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांमधला. या बदलाचं सगळ्यांत झळझळीत आणि सगळ्यांत करुण उदाहरण म्हणजे पठ्ठे बापूराव. जन्म १८६६, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावी. पाळण्यातलं नाव श्रीधर. घरी कुळकर्णीपद होतं. ते सोडून ते तमाशात गेले, हिवरगावच्या पवळाबाईंच्या जोडीनं उभे राहिले, जातीचं सगळं कुंपण ओलांडलं. श्रीधर कृष्णाजी या सरकारी दप्तरातल्या माणसाचं पुढे काय झालं, ते कुणी विचारत नाही. मुद्रेतलं नाव हेच त्यांचं खरं नाव झालं. आपण दोन लाख लावण्या केल्या, असं ते लावणीतूनच सांगत. हा आकडा मोजून पाहण्याचा नाही. तो फडावर आव्हान म्हणून टाकायचा आकडा आहे. मुंबईनं त्यांना डोक्यावर घेतलं, छत्रपती शाहू महाराजांनी त्यांचा वग पाहिला, आणि १९४५ च्या डिसेंबरात ते पुण्यात विपन्नावस्थेत गेले. त्यांच्या लावण्या इतर फड गात होते, त्यावर तिकिटं विकली जात होती. मुद्रेमुळे नाव त्यांचं राहिलं. नावाच्या मागोमाग पैसा आणणं मात्र मुद्रेला जमलं नाही.

इथे थोडं थांबून जात्याकडे पाहायला हवं. पहाटे दळताना बायका जी ओवी गातात तिच्यात कर्तीचं नाव बहुधा नसतं. भावाचं असतं, लेकाचं असतं, विठ्ठलाचं असतं. हेमा राइरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा लाखाच्या पुढे गेला. आज तो ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावासह आणि गावासह ऐकता येतो. हजारो कवयित्रींना नाव मिळालं ते असं, दुसऱ्यांनी बाहेरून लावलेलं. संत परंपरेतल्या जनाबाई आणि बहिणाबाई यांनी आपलं नाव स्वतः अभंगात घातलं, हे किती धाडसाचं होतं ते या पार्श्वभूमीवर समजतं.

मुद्रेला राजकीय धार आणली जोतीराव फुल्यांनी. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि त्यात स्वतःचं नाव घालताना आपण शूद्राचे पुत्र आहोत हेही गुंफलं. कोण गातो आहे, हे आता केवळ श्रेयासाठी सांगायचं नव्हतं. इतिहास कोणाच्या बाजूनं सांगितला जातो आहे, ते जाहीर करायचं होतं. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढच्या काळात सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन जलसे उभे केले. गण, गौळण, बतावणी, वग ही मांडणी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेली होती. तिच्यात आशय बदलून घातला. गणपतीच्या जागी निर्मिक, म्हणजे सृष्टीचा कर्ता, आला, विनोदात सावकार आणि भटभिक्षुक सापडले.

जलशांचा पुढचा टप्पा आंबेडकरी. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. त्याच मुलखातून भीमराव कर्डक यांचा जलसा निघाला. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत सभेचं भाषण जितकं पोहोचत नसे, तितकं जलशातलं एक पद पोहोचे. मुलांना शाळेत घाला, मेलेल्या जनावरांचं मांस खाऊ नका, संघटित व्हा, हे सगळं डफाच्या ठेक्यावर सांगितलं गेलं. भीमरावांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहून या चळवळीची नोंद ठेवली, आणि ही नोंद नसती तर कितीतरी जलसाकार पुसले गेले असते.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर. भीमरावांचं आणि त्यांचं आडनाव एक, पण माणसं वेगळी. वडील लवकर गेले. शाळा झाली नाही. गुरं राखणं, शेतात राबणं आणि मग पोटासाठी मुंबई, शिवडीची बीडीडी चाळ, गिरणी. हा रस्ता त्या काळी देशावरच्या हजारो दलित कुटुंबांचा होता. वामनदादांचं वेगळेपण त्यांच्या अक्षरओळखीच्या कथेत आहे. चाळीत एकानं पत्र आलं म्हणून त्यांच्याकडे वाचायला दिलं. वाचता येईना. मोठ्या माणसाला रडू कोसळावं इतकं ते मनाला लागलं. मग एका मास्तरांकडून मुळाक्षरं गिरवली, आणि जोडाक्षरं शिकले ती रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत. ज्या माणसानं पुढे गाण्यांच्या वह्यांमागून वह्या भरल्या, त्याची शाळा मुंबईचा फुटपाथ होता.

१९४३ मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं. एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचं ते विडंबन होतं. या सुरुवातीला कमी लेखायचं कारण नाही. भीमगीतांची फार मोठी परंपरा चित्रपटगीतांच्या चालींवर उभी आहे, आणि त्यामागे व्यवहारी शहाणपण आहे. चाल आधीच लोकांच्या कानात असते. शब्द नवे असले तरी दुसऱ्या कडव्याला सगळी वस्ती साथ देऊ लागते. पेटी आणि ढोलकीवाल्याला तालीम लागत नाही. ज्याला स्टुडिओ परवडत नाही त्याच्या गाण्याला पसरण्यासाठी यापेक्षा वेगवान वाहन नव्हतं. पुढे वामनदादांनी कव्वाली, लोकगीत, गझलेच्या वळणाची रचना, पाळणा, लावणीचा ठेका, असं सगळं हाताळलं.

मुंबईच्या कामगार वस्तीत उर्दू कव्वाली शेजारच्या चाळीतून ऐकू येत असे. गायन पार्ट्यांचे सामने लागत, एकानं सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं जबाब द्यायचा, रात्र सरे. कव्वालीत आणि गझलेतही शेवटी कवीचं नाव घालायची रीत आहे. म्हणजे वामनदादांच्या हाती मुद्रा दोन वाटांनी आली: पंढरपूरच्या वाटेनं, वारकरी भजनातून, आणि मुंबईच्या वाटेनं, कव्वालीच्या मक्त्यातून, म्हणजे नाव असलेल्या शेवटच्या शेरातून. त्यांच्या गाण्यांत ‘वामन’ हे नाव शेवटच्या कडव्यात येतं तेव्हा ते क्वचितच नुसती सही असते. बहुतेक वेळा तो नाट्याचा क्षण असतो. तोपर्यंत बाबासाहेबांबद्दल, समाजाबद्दल, आईबद्दल चाललेलं गाणं एकदम गाणाऱ्याकडे वळतं. मी काय केलं, माझ्या पदरात काय आहे, मी कुणाच्या ऋणात आहे. ‘हे गीत वामनाचे’ असं नाव त्यांनी एका संग्रहाला दिलं. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे इतर संग्रह. पण ज्यांनी त्यांची गाणी पाठ केली त्यांतल्या फार थोड्यांनी ही पुस्तकं पाहिली असतील.

१४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूरचं धर्मांतर आणि लगेच ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं जाणं. या दोन घटनांनी आंबेडकरी गाण्याचं पंचांगच ठरवून टाकलं. १४ एप्रिलची जयंती, वैशाखी पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महापरिनिर्वाण दिन. प्रत्येक मोसमाला नवं गाणं लागे, प्रत्येक वस्तीला गायन पार्टी लागे. एप्रिलच्या सुपाऱ्यांवर वर्षाचा संसार चालवणारी माणसं तयार झाली. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पातळ पुस्तिका विकल्या जाऊ लागल्या, पानापानांवर गाणी, आणि कुठे मुखपृष्ठावर गायकाचा फोटो. या बाजाराला सतत शब्द पुरवणाऱ्यांत वामनदादा अग्रभागी होते. ते झोळी घेऊन गावोगाव फिरत, कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम करत, स्वतः गात आणि मागेल त्याला गाणं लिहून देत. त्यांच्या गाण्यांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. विठ्ठल उमपांसारख्या मातब्बर गायकांपासून नुकतीच पार्टी काढलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी ती गायली.

मागेल त्याला गाणं देणारा कवी एका गोष्टीवर विसंबून असतो. गायकानं शेवटचं कडवं गायलं पाहिजे. चालीवरून कवी कळणार नाही, कारण चाल अनेकदा दुसऱ्याची. आवाजावरून कळणार नाही, कारण आवाज गायकाचा. उरतं ते एक नाव, ‘वामन’, चार मात्रांचं. त्या जागी चार मात्रांची दुसरी कितीतरी नावं सहज बसतात. तरी लोकांनी बहुतेक वेळा ते बदललं नाही. ते बदलणं श्रोत्यांनीच खपवून घेतलं नसतं.

यंत्र आलं तेव्हा ही रीत पहिल्यांदा अडचणीत आली. गौहरजान यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण केलं, आणि त्यांच्या तबकड्यांच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं उच्चारतात. तबकडी तयार व्हायची जर्मनीत. तिथल्या कामगाराला कागदी चकती कुणाच्या नावाची लावायची ते कळावं म्हणून. गाण्याच्या शेवटी नाव सांगायची जुनी गरज यंत्राच्या पोटातही शिरली होती. पण ते नाव गाणारीचं. कवीचं नाव शेवटच्या कडव्यात, आणि तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-चार मिनिटांची. पोवाड्यासारखी लांब रचना तिच्यात मावत नसे. कापायची वेळ आली की शेंडा आधी जाई.

चित्रपटानं तर श्रेयनामावली आणली, आणि गाण्यातल्या नावाची गरजच नाही असं मानलं. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्यातली गाणी म्हटली की ग. दि. माडगूळकर आणि वसंत पवार ही नावं पुढे येतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यात एक गाणं वामन कर्डकांचंही आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? १९६० च्या ‘पंचारती’तही त्यांचं गीत होतं. ज्या गावात त्यांची शेकडो गाणी मुखोद्गत होती, त्याच गावात तंबूच्या पडद्यावर त्यांचं गाणं वाजून गेलं असेल आणि ते आपल्या वामनदादांचं आहे हे बसलेल्यांना कळलंही नसेल. तिथे मुद्रा नव्हती.

कायदाही त्यांच्या बाजूनं फार उशिरा आला. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा लेखकाला हक्क देई. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला जोडलेल्या टिपणात गाणाऱ्या कलावंतांच्या हक्काकडे संसदेनं पाहावं असं सुचवलं. संसदेला ते पाहायला पस्तीस वर्षं लागली. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराला स्वामित्वधनातला वाटा सोडून देता येणार नाही अशी व्यवस्था केली; जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी आग्रह धरला होता. तोवर वामनदादा जाऊन आठ वर्षं झाली होती.

शेवटच्या कडव्यातल्या नावाची आणखी एक बाजू आहे. नाव घातलं की जबाबदारी अंगावर येते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंनी गणातल्या देवाला बाजूला सारून मातृभूमीला आणि श्रमणाऱ्या माणसाला वंदन आणलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, तर त्याच सामग्रीचं लोकनाट्य करून ते गात राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांच्या आवाजानं मैदानं भरली. पोलिसांना कवी शोधत हिंडावं लागलं नाही. कवी मंचावर उभा होता आणि आपलं नाव गात होता. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’ या चित्रपटात एका शाहिरावर खटला चालतो, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली असा आरोप ठेवून. शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांची, गाणी संभाजी भगत यांची. भगत स्वतः त्याच परंपरेतले, आपलं लिहिणारे आणि आपलं गाणारे. चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

१९९३ मध्ये वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वामनदादांना मिळालं. पाट्या वाचत जोडाक्षरं शिकलेल्या माणसाला साहित्यिक म्हणून मिळालेला हा मान चळवळीनं दिला, विद्यापीठांनी नव्हे. १५ मे २००४ रोजी ते गेले. तोवर कॅसेटचा बहर ओसरत आला होता. आता त्यांची गाणी मोबाइलवर आहेत, डीजेच्या भिंतींवर आहेत, दोन मिनिटांच्या तुकड्यांत आहेत. ध्रुवपद आणि पहिलं कडवं असतं, खाली चढवणाऱ्यानं ‘पारंपरिक’ असा शेरा मारलेला असतो. गीतकार म्हणून वामनदादा कर्डक हे नाव तिथे लिहायला एक ओळ पुरते, आणि ती लिहिणारे तरुण हळूहळू वाढत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

भारतीय कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या शब्दांवर वारसांचा हक्क राहतो. वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ संपेपर्यंत आहे. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ च्या उन्हाळ्यानंतर दीड महिन्याच्या अंतरानं गेले, त्यांच्या शब्दांची मुदत २०२९ च्या अखेरीस भरेल. पठ्ठे बापूरावांच्या हयातीत छापलेल्या लावण्या केव्हाच सर्वांच्या झाल्या आहेत, कुणीही छापाव्यात, गाव्यात, विकाव्यात. त्यांच्या नावावर फिरणाऱ्या लावण्यांमधली खरी त्यांची कोणती, हे ठरवायला बसलेला अभ्यासक मात्र अजूनही पान उलटून आधी शेवटचं कडवं वाचतो.